फोटो कोणी काढला?

दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकेफुलके लिहून पाठवा, असे संपादकांनी कळवले आहे. त्यांचे म्हणणे रास्त आहे. फराळाच्या ताटात चिवडा असतो, चकली असते, एखादी करंजी जरा जास्त तळली गेली तरी कोणी तक्रार करीत नाही. पण कारल्याची भाजी त्या ताटात कोणी वाढत नाही. एरवी दर आठवड्याला या जागी मी वाचकांशी उत्तरपत्रिकांतल्या गमती, व्याकरणाचे रुसवेफुगवे आणि आमच्या वाशीमच्या बाजारातल्या गोष्टी बोलत असतो. आज मात्र एका फोटोविषयी बोलायचे मनात आहे. गोष्ट हलकी की जड, हे वाचकांनीच ठरवावे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझी पत्नी गेली. दुखणे तीन महिन्यांचे. त्या तीन महिन्यांविषयी मी लिहीत नाही. ज्या घरांनी तसले दिवस पाहिले आहेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांना ते कधी न दिसोत.

आमच्याकडे बायकोचा उल्लेख अजून ‘ही’ असाच करतात. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ‘ही’ म्हणजे जवळची आणि ‘ती’ म्हणजे दूरची, हे दर्शक सर्वनामांचे प्रकरण मी किती वर्षे शिकवले असेल कोण जाणे. समाचाराला आलेली माणसे ‘ती फार भली होती हो’ असे म्हणू लागली तेव्हा व्याकरण त्यांच्याच बाजूचे होते. माझी जीभ मात्र अजून ‘ही’वरच अडून बसते. या लेखात ही चूक जागोजागी सापडेल. वाचकांनी ती चालवून घ्यावी, लाल शाईने दुरुस्त करू नये.

वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा माझी आई म्हणाली, “अरे, सूनबाईचा एखादा चांगला फोटो मोठा करून आण. भिंत मोकळी दिसते.” मला वाटले, हे तर सगळ्यांत सोपे काम. आमच्या घरात फोटोंना काय तोटा? रात्री मी आणि मुलगी संगणकापुढे बसलो. तीन हजारांवर फोटो होते. मुलगी पाळण्यात, मुलगी रांगताना, मुलगी शाळेच्या पहिल्या दिवशी भोकाड पसरून उभी. आई तुळशीला पाणी घालताना. मी तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्याआड डुलक्या घेताना. बालाजीच्या देवळात, पोहरादेवीला, कारंज्याला हिच्या माहेरच्या अंगणात. बारा वाजले, एक वाजला. शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, आई कुठे आहे?”

हिला मोकळेपणी पाहावे असा एकही फोटो त्यांत नव्हता. असणार कसा? सगळे फोटो हिनेच काढलेले होते.

लग्नाच्या अल्बमात ही होती, पण ती मुंडावळ्यांच्या आडची, भेदरलेली, आमच्या घराला अजून अनोळखी असलेली मुलगी. नंतरच्या सतरा वर्षांत नातेवाइकांच्या लग्नांत तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा, कोणाच्या तरी खांद्यामागे नुसता अंबाडा, एका ठिकाणी वाढताना पुढे आलेला हात आणि त्यातल्या हिरव्या बांगड्या, एवढीच काय ती ही सापडे. मोबाईल आल्यावरही फरक पडला नाही. हात लांब करून स्वतःचाच फोटो काढण्याची जी पद्धत निघाली आहे तिच्याबद्दल हिचे मत होते, “आपलं तोंड आरशात रोज दिसतंच की. ते काय जपून ठेवायचं?”

एकटीचा म्हणून एक फोटो निघाला, तो कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात ही कोणाची बायको, आई किंवा सून दिसत नाही, अर्जदार दिसते. तोच घेऊन मी फोटोवाल्याकडे गेलो. तो माझाच जुना विद्यार्थी. त्याने फोटो पडद्यावर मोठा केला आणि अगदी मायेने म्हणाला, “सर, साडी बदलून देतो. पैठणी घालून देऊ? मागे बगीचा टाकू. आणि जरासं हसू लावून देऊ काय?”

मी विचारले, “हसू लावायचे किती घेतोस?”

तो गंभीरपणे म्हणाला, “त्याचे वेगळे नाही घेत, सर.”

पोराचा हेतू चांगला होता. पण पैठणी नको म्हटले, बगीचा नको म्हटले, आणि हसूही तसेच राहू दिले. अर्जदाराच्या त्या चेहऱ्याला हार घालून आम्ही वर्षश्राद्ध उरकले. हार सुकल्यावर मुलीने फोटो हळूच उतरवून कपाटात ठेवला. मी काही विचारले नाही.

आमच्या घरचा कॅमेरा हिच्या भिशीचा. एकदा भिशी लागली. बायका अशा पैशांतून बांगडी करतात, निदान मिक्सर घेतात. हिने अकोल्याहून तळहाताएवढा कॅमेरा आणला. दुकानात मिळालेली काळी पिशवी हिला आवडली नाही. माझा एक फाटका खादीचा झब्बा उसवून हिने त्याची पिशवी शिवली, आत जुन्या मऊ धोतराचे अस्तर लावले आणि त्याच झब्ब्याची गुंडी वर बसवली. “तुमचा झब्बा आता कामाला आला,” असे म्हणून ती पिशवी हिने गळ्यात अडकवली. पुढे कुठेही जायचे म्हटले की डबा, पाण्याची बाटली आणि ही पिशवी, या तीन वस्तू ठरलेल्या असत.

आपल्या भाषेत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढावे, पायातून काटा काढावा किंवा अंगणात रांगोळी काढावी, तसा. आणि काढलेला फोटो ‘धुवायला’ देतो. आता फोटोला पाणी लागत नाही, अंधारी खोली लागत नाही, पण शब्द काही धुऊन निघालेला नाही. ही यंत्रातला फोटो पुरा मानायचीच नाही. “कागदावर आला की खरा. तोवर नुसतं मनातलं,” असे म्हणायची. धुवायला द्यायच्या फोटोंची यादी करायची, आणि ती यादी घरखर्चाच्या इतर याद्यांखाली दबून जायची.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वाशीमला पद्मतीर्थ नावाचे जुने तळे आहे. एका संध्याकाळी आम्ही तिथे गेलो होतो. माझे आणि मुलीचे पाचसात फोटो काढून झाल्यावर ही म्हणाली, “एक माझाही काढा ना.” मी त्या वेळी कुठल्याशा चर्चासत्राच्या निबंधात बुडालेला होतो. मी आकाशाकडे पाहिले आणि म्हणालो, “उजेड कमी आहे. उद्या काढू.” हिने बरे म्हटले आणि कॅमेरा पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी मला आठवण राहिली नाही आणि हिने ती करून दिली नाही. सतरा वर्षांत माझ्याकडे हिने मागितलेली ही एवढीच वस्तू मला आठवते, आणि तीही फुकटची होती.

आमच्या गावाचा नवऱ्या-बायकोच्या नात्याशी एक जुना संबंध आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात एक मजेदार कथा आहे. काव्यपुरुष नावाचा सरस्वतीचा मुलगा रुसून निघाला, त्याला वळवायला साहित्यविद्या नावाची वधू मागे मागे देशभर फिरली, आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना छाती फुगवून सांगतो की काव्याचे लग्न आपल्या गावात लागले आहे. हिला ही कथा पहिल्यांदा सांगितली तेव्हा ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, “लग्न इथं लागलं खरं, पण संसार दोघांनी पुण्यालाच थाटलेला दिसतो.” वऱ्हाडातल्या किती लेखकांना मी हा विनोद ऐकवला असेल! माझाच म्हणून ऐकवला, हेही आज कबूल करतो.

याच वत्सगुल्मापायी आम्ही २०१३च्या डिसेंबरात अजिंठ्याला गेलो. मुलगी पाच वर्षांची होती. वत्सगुल्माच्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची पुष्कळ लेणी कोरली गेली. सोळावे लेणे त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करविले. म्हणजे आमच्याच गावच्या राज्यातले हे काम, अशा रुबाबात मी त्या दिवशी हिंडत होतो. सतराव्या लेण्यातल्या शिलालेखाची हकीकत मी हिला सांगितली. हरिषेणाच्या एका मांडलिक राजाचा धाकटा भाऊ गेला. त्या दुःखाने राजा विरक्त झाला आणि त्याने दानधर्म केला, लेणे कोरविले. ही ऐकत उभी राहिली. गुंफेत झगमगता दिवा उडवून फोटो काढायला बंदी असते. अंधारात हिने कॅमेरा पिशवीतच राहू दिला आणि म्हणाली, “केवढा मोठा डोंगर कोरला हो एका माणसाच्या आठवणीपायी.”

परतताना अजिंठा गावात आम्ही पारोची समाधी पाहायला थांबलो. मेजर रॉबर्ट गिल हा लष्करातला अधिकारी १८४४च्या सुमारास लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी इकडे आला आणि वर्षानुवर्षे राहिला. पारो ही इथलीच, त्याची सोबतीण. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य या दोघांवर आहे. गिलने काढलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या; १८६६च्या आगीत त्या जळून गेल्या. पुढे त्याने कॅमेराही हाती धरला होता, आणि त्याच्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक १८६४ साली निघाले. असा हा चित्रकारही आणि फोटोग्राफरही. पण अजिंठ्याच्या त्या कबरीवर पारोचे चित्र नाही. आहे ते नाव, ती आपली लाडकी होती एवढी कबुली आणि तारीख : २३ मे १८५६.

मी तो मजकूर मुलीला वाचून दाखवीत होतो. सूर्य कलला होता. ही चार पावले मागे गेली आणि म्हणाली, “तसेच राहा दोघं.” फोटो निघाल्यावर मी पाहिला. सूर्य हिच्या पाठीशी होता. त्यामुळे आमच्या पायांशी हिची लांबलचक सावली पडली होती : डोक्यावरून घेतलेला पदर, कोपरांत दुमडून वर नेलेले दोन हात, आणि सावलीचे डोके नेमके माझ्या चपलांशी. मी म्हणालो, “बिघडला. सावली आली मधे. पुसून टाक आणि दुसरा काढ.”

ही म्हणाली, “राहू द्या.”

“अगं, पण फोटो खराब आहे तो.”

“राहू द्या म्हटलं ना.”

मग दुसरा फोटो काढलाच नाही आणि बुलढाणा, चिखली मागे पडली तरी ही बोलली नाही. मेहकरला चहा घेतला तेव्हा रुसवा गेला. एवढ्याशा गोष्टीवरून रुसण्यासारखे काय होते, ते मला त्या वेळी कळले नाही. मी विचारलेही नाही. चहा चांगला होता.

माणसे आपले गेलेले माणूस कशाकशात जपतात, याचा विचार गेल्या दोन वर्षांत मी बराच केला. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१च्या डिसेंबरात वारला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे राणी जिथे निजे तिथे त्याच्या बाजूच्या उशीवर त्याचा फोटो लावलेला असे. पण एवढ्या मोठ्या राज्याच्या धनिणीलाही फोटो पुरला नाही. त्याच्या हाताचा साचा तिने जवळ ठेवला होता आणि तो तिच्याबरोबर शवपेटीत गेला. फोटोला हात लावला तर बोटांना काच लागते, हे राणीलाही चुकले नाही.

आपल्याकडचे उदाहरण तर माझ्या घरापासून फार दूरचे नाही. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरचे. कारंज्याहून ते गाव हाकेच्या अंतरावर. कुसुमावती जयवंत अमरावतीच्या. १९२९ साली त्यांचे लग्न झाले. त्या नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या, कथाकार होत्या, आणि ‘पासंग’सारखे समीक्षेचे पुस्तक लिहिणाऱ्या साक्षेपी टीकाकार होत्या. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळालेल्या पहिल्या स्त्री त्याच. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची जोडी विदर्भात खरोखर कुठे नांदली असेल, तर ती या घरात. कुसुमावतींमागे अनिल वीस वर्षे जगले. त्या काळात, १९७२ साली, त्यांनी ‘कुसुमानिल’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात चरित्र नाही, आठवणींचे कढ नाहीत. आहेत ती लग्नापूर्वी दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे. त्याने तिला आणि तिने त्याला.

हे पुस्तक मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. पत्र म्हणजे काय, हे सांगताना मी म्हणतो की पत्रात दोन माणसे असतात. एक लिहिणारे आणि दुसरे, ज्याला लिहिले ते. दुसऱ्याचे नाव फक्त मायन्यात असले तरी सगळे पत्र त्याच्याच नजरेने घडलेले असते. म्हणून कुसुमावतींना पाहायचे तर त्यांची पत्रे वाचावीत आणि अनिलांचीही वाचावीत. नवऱ्याने बायकोच्या आठवणीसाठी दोघांचीही पत्रे एकत्र छापली, यातले मर्म मुलांच्या ध्यानात यावे म्हणून मी घसा कोरडा करीत असे. माझ्या ध्यानात मात्र ते पुरते आलेले नव्हते.

दरवर्षी एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, ‘अजुनी रुसून आहे’ ही कविता अनिलांनी कुसुमावती गेल्या त्या दिवशी लिहिली ना?” कुमार गंधर्वांच्या आवाजामुळे ही कविता घरोघरी गेली आणि तिच्यामागे ही दंतकथाही गेली. मी ठासून सांगतो की हे खरे नाही. कविता कुसुमावतींच्या निधनाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्यातला रुसवा हा नुसता रुसवाच आहे. गेल्या वर्षी हाच प्रश्न आला. मी उत्तर तेच दिले, पण आवाज नेहमीसारखा ठाम निघाला नाही. लोक तारखांत चुकतात, परंतु उगाच चुकत नाहीत. रुसलेले माणूस बोलत नाही आणि गेलेलेही बोलत नाही. फरक इतकाच की रुसलेल्याला मेहकरच्या चहापर्यंत वेळ असतो.

आता या दिवाळीकडे येतो. पंधरा दिवसांपूर्वी मुलीने आवराआवर काढली. ती बारावीला आहे. तिला अभ्यास सोडून कोणतेही काम आवडते. माळ्यावरच्या पेटीतून तिने ती खादीची पिशवी काढली. कॅमेरा केव्हाच मोबाईलपुढे मागे पडला होता. मी पिशवी हातात घेतली. माझ्या झब्ब्याची गुंडी, हिच्या हातचे बारीक टाके, आणि अस्तराला हिच्या नेहमीच्या पावडरीचा अगदी पुसट वास. मुलीने कॅमेरा बाहेर काढला तसा अस्तरातून एक घडी केलेला कागद खाली पडला.

कॅलेंडरच्या पानाचा तुकडा होता तो. एका बाजूला एकादशी, चतुर्थी छापलेल्या. दुसऱ्या बाजूला हिच्या अक्षरात यादी. वर लिहिले होते, ‘धुवायला द्यायचे’. खाली कॅमेऱ्यातल्या फोटोंचे नंबर आणि त्यांपुढे एकेक शब्द, वाण्याच्या यादीसारखे :

‘२०७ – आई, तुळस.
२५१ – पोरगी, दात पडलेला.
३३८ – हे, पेपर तपासताना. (झोपलेले.)’

असे नऊ फोटो. शेवटची ओळ होती :

‘४१६ – आपण तिघे. २ प्रती. (एक कारंज्याला.)’

मुलगी म्हणाली, “बाबा, आपला तिघांचा फोटो? तो तर आपल्याला कुठेच सापडला नव्हता.” मलाही आठवेना. कोणा वाटसरूच्या हाती कॅमेरा देऊन कधी काढला असेल, आणि त्या रात्री आमच्या नजरेतून सुटला असेल, असे वाटले. आम्ही दोघांनी घाईघाईने संगणक लावला. चारशे सोळा नंबर काढला.

अजिंठा गाव, डिसेंबर २०१३. पारोच्या समाधीपाशी मी उभा आहे आणि माझे बोट धरून पाच वर्षांची मुलगी. आमच्या पायांशी ती सावली.

आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. मग मुलगी उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावू लागली.

हिने तो फोटो पुसू दिला नव्हता, कारण आमच्या घरातला तिघांचा असा तो एकच फोटो होता. मला सावली दिसली, हिला आपण तिघे दिसलो. वर्गात इतकी वर्षे मी जे पत्राबद्दल सांगत आलो, ते फोटोलाही लागू होते. फोटोतही दोन माणसे असतात : एक दिसणारे आणि एक पाहणारे. त्या तीन हजार फोटोंत ही कुठे आहे, असे आम्ही त्या रात्री शोधीत होतो. ही एकूण एक फोटोत होती. आई तुळशीपाशी उभी आहे ती हिला दिसली तशी उभी आहे. पेपरांच्या ढिगावर तोंड वासून झोपलेला माणूस फोटो काढण्याजोगा आहे, असे जगात एकाच व्यक्तीला वाटले, आणि तिने तो धुवायच्या यादीतही घातला.

याने माझे ओझे उतरले, असे मात्र कोणी समजू नये. पद्मतीर्थावरची ती संध्याकाळ आहे तशीच आहे. हिची नजर आमच्यापाशी तीन हजार वेळा जपलेली आहे. माझी नजर हिच्याकडे वळल्याचा पुरावा एकही नाही. मुलीला तिची आई बाबांना कशी दिसे, हे दाखवायला माझ्याजवळ काही नाही. म्हणून हे लिहितो आहे. फोटो काढायचा राहिला, निदान दोन शब्द काढावेत.

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन मी फोटोवाल्याकडे गेलो. नऊच्या नऊ फोटो धुवायला टाकले. चारशे सोळा नंबर पाहून तो म्हणाला, “सर, यात सावली आली आहे. दोन मिनिटांत काढून टाकतो.”

मी म्हणालो, “राहू दे.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. दोन प्रती काढल्या. एक हिच्या आईकडे कारंज्याला पोचती केली. बारा वर्षे उशीर झाला, पण यादीतले काम झाले. दुसरी मोठी करून आमच्या बैठकीत लावली आहे. तिला हार घातलेला नाही. येणारे-जाणारे पाहतात आणि म्हणतात, “छान आहे. पण वहिनी यात नाहीत वाटतं?” मग आमची मुलगी उठते आणि बोट ठेवून दाखवते. आईने मात्र पहिल्याच नजरेत ओळखले. चष्मा पुसून म्हणाली, “पदर डोक्यावरून घेतलाय सूनबाईनं.”

पाडवा आता चार दिवसांवर आला आहे. गेली दोन वर्षे त्या दिवशी मी कॉलेजातल्या कामाचे निमित्त काढून दार लावून बसत असे. या वर्षी मुलीने जाहीर केले आहे की औक्षण ती करणार आणि मी पाटावर बसायचे. मी एक अट घातली आहे : तिने ओवाळून झाले की ताट आईच्या हाती द्यायचे आणि त्या दोघींचा फोटो मी काढायचा. हिच्या कॅमेऱ्याची बॅटरी बाजारात शोधून आणली आहे. आठ दिवस मी सराव करतो आहे. आतापर्यंतच्या फोटोंत एकात आईचे डोके कापले गेले, एकात नुसता पंखा आला. मुलगी हसून हसून बेजार होते. त्या हसण्याचाही एक फोटो काढला. तो हलला आहे, पण धुवायच्या यादीत घातला आहे.

वाचकहो, तुमच्याही घरात फराळाच्या वेळी कोणीतरी एकजण सगळ्यांना जवळ जवळ बसवून, “इकडे बघा, हसा,” असे म्हणत उभे असेल. ते एक माणूस कोण, ते जरा पाहून ठेवा. मग उठा आणि त्याच्या हातातून कॅमेरा मागून घ्या. फोटो चांगलाच आला पाहिजे असे नाही. उजेड कमी असला तरी चालेल.